गुलामचोर

परीक्षा जवळ आल्या हे मला कॅलेंडर सांगत नाही, नाक सांगतं. समुद्राच्या बाजूने बांबूंवर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो, वाड्यांच्या बाजूने पिकल्या चिकूचा, आणि स्टेशनाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून तापलेल्या कागदाचा. हे तिन्ही एका श्वासात नाकात शिरले की समजायचं, डहाणूत पोरं पाठांतराला लागली. घाटावरून आलेला एक बहिःस्थ परीक्षक या वासाने वर्गात बेशुद्ध पडला होता. शुद्धीवर आला तो थेट भात मागत. पुढे त्याने इथेच बदली करून घेतली आणि शेवटपर्यंत बोंबलाशिवाय जेवला नाही.

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकायचं, अशी डहाणू-तलासरीत रीतच आहे. नेमकं कुठलं निम्मं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी आयुष्यभर मराठी शिकवलं. आता निवृत्त आहे. सकाळी बंदराकडे फेरी मारतो, आल्यावर चहा, मग पेपरातली कोडी. पण मार्च लागला की हाताला चाळा लागतो. लाल पेन शोधतो. गॅसचं बिल आलं तरी त्यावर बरोबरची खूण करतो. बायको म्हणते, "अहो, सुटलात ना त्यातून?" सुटलो म्हणजे काय, ते मला अजून नीट कळलेलं नाही. या दिवसांत अंगात एक थकवा येतो. तो उन्हाचा नाही. ऊन मला काय करणार. एका वर्षी वर्गातला फळा वितळून खाली आला होता, तेव्हाही मी भिंतीवर लिहून तास पुरा केला होता. हा थकवा वेगळा. तो एका उत्तरपत्रिकेचा आहे.

पूर्वेकडच्या गावांत, गंजाडला, सायवनला, याच दिवसांत मोहाची फुलं गळतात. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असतो आणि घरातली सगळी माणसं, शाळकरी पोरांसकट, वाकून फुलं वेचत असतात. माझी कितीतरी पोरं फुलं वेचून, तोंडावर पाणी मारून, जीपच्या मागे लटकत पेपराला यायची. बोटांचा वास कागदाला लागायचा. त्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासताना मला चढायची. गंजाडच्या बाजूच्या पोरांना माझ्याकडून दोन-चार मार्क जास्त पडले असतील तर दोष मोहाचा, माझा नाही.

रमिला त्याच बाजूची, गंजाडच्या एका पाड्यावरची. मुलींच्या वसतिगृहात राहून अकरावी करत होती. खिडकीजवळच्या बाकावर बसायची. मैत्रिणींशी आपल्या भाषेत कुजबुजायची. उभी करून प्रश्न विचारला की अशी धारदार मराठी बोलायची की मी घड्याळात बघायचो, आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की काय.

त्या वर्षी मला एक हौस आली. अकरावीचा पेपर कॉलेजच काढतं, तर पाठ्यपुस्तकाच्या जोडीला पोरांकडून एक अख्खं पुस्तक वाचून घ्यावं. लायब्ररीच्या तळच्या कप्प्यात एका परदेशी कादंबरीचा जुना अनुवाद सापडला. मुखपृष्ठ नव्हतं, पहिली पानं वाळवीने आधीच वाचून टाकली होती. प्रत एकच. मीच वर्गात वाचून दाखवायचं ठरवलं.

"हे जगातलं अभिजात पुस्तक आहे," मी छाती फुगवून सांगितलं.

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, अभिजात म्हणजे कुठली जात?"

हा किस्सा मी पुढे स्टाफरूममध्ये, लग्नांत, निरोपसमारंभांत इतक्यांदा सांगितला की तो झिजला. दर वेळी लोक पोट धरून हसले. आता तो हशा आठवला की बसून घ्यावंसं वाटतं. पोराने विनोद केलाच नव्हता. नाव, गाव, जात या क्रमाने विचारलं जायची त्याला सवय होती, एवढंच.

कादंबरी अशी होती. दूरच्या मुलखात एक मोठी नदी. अलीकडे गोऱ्यांचं गाव, पलीकडे शेतं. मध्ये दोराने ओढायची एक होडी आणि ती ओढणारा एक काळा माणूस. त्याचे आईबाप गुलाम होते. तो कागदोपत्री मोकळा, पण गाव त्याला गुलामच म्हणायचं. गावच्या देवळातलं चांदीचं तबक नाहीसं होतं आणि संशय नावाड्यावर येतो. त्या दिवशी तो सबंध वेळ एका गोऱ्या घरातल्या लहान मुलीला पाणी वाचायला शिकवत होता: भोवरा कुठे, उथळ कुठे, काल पाऊस कुठल्या अंगाला झाला. मुलगी तसं सांगते. तिला घरात कोंडतात. मग गावसभेत नावाडी स्वतः उभा राहतो आणि इतकं मुद्देसूद बोलतो, नदीची वळणं, पाण्याची चढउतार, त्या दिवशी तबक घेऊन पलीकडे जाणं कसं अशक्य होतं, की ऐकणारे आधी थक्क होतात आणि मग चिडतात. एवढं याला कळतं, म्हणजे केलं यानेच. त्याला हाकलतात, कुठे, ते पुस्तकात नाही. शेवटी मुलगी काठावर बसलेली. होडी दुसराच कुणीतरी ओढतोय. ती पाण्याकडे बघते, पण आता काही वाचत नाही, आणि कुणाशी बोलतही नाही.

पहिल्याच दिवशी अडलो ते 'गुलाम' या शब्दावर. मी जहाजं, साखळ्या, बाजार असं सगळं उभं केलं. साखळ्यांचा आवाज काढायला टेबलाचा खण हलवला. तास संपत आला तरी मागचा बाक गोंधळलेलाच.

"गुलाम म्हणजे पत्त्यातला का, सर? राजा, राणी, गुलाम?"

मी पुन्हा खणाकडे हात नेला, तेवढ्यात रमिला खिडकीजवळून मागे वळली.

"ज्याला नाय म्हणता येत नाय, तो," ती म्हणाली.

"म्हणजे मुका?"

"मुका नाय. तोंड आहे. नाय म्हणायची सोय नाय."

मग एक मुलगी हळूच म्हणाली, "माझा आजा सांगायचा, त्याच्या आज्याला तसंच होतं. शेठचा माणूस अंगणात आला की हातातलं जेवण ठेवून वेठीला जायचं." आणखी दोघांनी माना हलवल्या. मी खण हळूच आत सरकवला. शब्दाचा अर्थ सांगून झाला होता.

गावसभेचं प्रकरण वाचलं त्या दिवशी वर्गात दोन तट पडले. पोरगे म्हणाले, तो मूर्ख, गप्प बसला असता तर सुटला असता. रमिला उभी राहिली. पुस्तकाची बाजू घ्यायला नव्हे, त्या माणसाची.

"बरं केलं बोलला," ती म्हणाली. "खरं माहीत होतं तर बोलायलाच पाहिजे. मी पण बोलले असते."

तिचा चेहरा तेव्हा कसा होता, ते सांगताना मी एरवी वीज, निखारा, पळस असलं काहीतरी आणतो. आज नको. सोळा वर्षांच्या मुलीचा चेहरा होता, आणि तिला वाटत होतं की खरं बोललं की ते ऐकलं जातं.

पुस्तक स्टाफरूममध्येही फिरलं. आमच्या परीक्षा समितीचे प्रमुख, त्यांना सगळं कॉलेज पाठीमागे तराजूसर म्हणायचं. अर्ध्या मार्काचेही दोन तुकडे करून ते वाटत. नेकीचा माणूस. कधी कुणाची चिठ्ठी घेतली नाही, कधी कुणाला एक मार्क फुकट दिला नाही. पोरींच्या वसतिगृहात दर शनिवारी स्वतःच्या वाडीतले चिकू पोचवायचे. त्यांनी कादंबरी वाचून काढली आणि चष्मा काढून रुमालाने डोळे पुसले.

"किती अन्याय हो त्या लोकांवर," ते म्हणाले. "रात्रभर झोप नाही. माणसं इतकी आंधळी कशी असतील?"

त्यांचे अश्रू खरे होते. हे मी मुद्दाम सांगतो. नदी जेवढी लांब, तेवढं आपल्याला तिच्यातलं स्वच्छ दिसतं.

मग एप्रिल. महालक्ष्मीच्या जत्रेची धूळ, ताडगोळेवाल्या बाया, आणि वसतिगृहाच्या ओट्यावर रविवारी दुपारी रंगणारा गुलामचोर. हा खेळ तुम्हीही खेळला असाल. चार गुलामांतला एक काढून टाकायचा, पत्ते वाटायचे, जोड्या लागतील त्या खाली टाकायच्या, आणि शेजारणीच्या हातातलं एकेक पान न बघता ओढत जायचं. सगळ्यांच्या जोड्या लागतात. एक गुलाम एकटा उरतो. तो ज्याच्या हातात राहिला तो चोर. मग पोरी टाळ्या वाजवत त्याच्याभोवती नाचणार: गुलामचोर, गुलामचोर. चोरी कुणीच केलेली नसते. मला या पोरींनी इतक्या वेळा चोर केलं की माझा फोटो पोलीस चौकीत लागायचा बाकी होता.

मराठीच्या पेपराच्या दिवशी मी स्टाफरूममध्ये बसलो होतो. आपल्या विषयाला आपण पर्यवेक्षक नसायचं, असा तराजूसरांचाच नियम. एवढ्यात शिपाई मगनभाई आले. मूळचे पलीकडचे, गुजरातेतले. अर्धं आयुष्य इथे गेलं तरी घाईत असले की भाषा घसरायची.

"सर, जल्दी चला. तुमची रमिला पकडली."

"काय पकडली?"

"कॉपी बोलते. पण मने तो कांई दिसला नाय."

समितीच्या खोलीत तराजूसर टेबलामागे, त्यांच्या दोन्ही बाजूंना समितीचे आणखी दोघे. टेबलावर रमिलाची उत्तरपत्रिका. रमिला भिंतीला लागून उभी, हातात अजून उघडंच पेन.

"या. तुमचीच विद्यार्थिनी," तराजूसर म्हणाले. "तिसरी पुरवणी मागत होती."

"मग द्यायची."

"अहो, पाड्यावरची मुलगी आणि तिसरी पुरवणी? पहिलं पान भरताना घाम फुटतो त्यांना. हिचं पेन थांबतच नाही. वर बघत नाही, पंख्याकडे बघत नाही, शेजारणीकडे बघत नाही. आठवून लिहिणारा माणूस मध्येच वर बघतो की नाही?"

"सापडलं काय पण?"

"सापडलं काहीच नाही," ते म्हणाले. "तेच तर."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ते खरोखर कोड्यात पडले होते. तराजू हातात होता आणि एका पारड्यात असं काहीतरी पडलं होतं, ज्याचं वजन त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी उत्तरपत्रिका उचलून वाचायला सुरुवात केली.

"'नावाड्याला नदी माहीत होती, हा त्याचा गुन्हा नव्हता. ती त्याला माहीत आहे हे गावाला कळलं, हा गुन्हा होता.' सांगा. ही अकरावीची भाषा? पाड्यावरची? हे कुठल्या तरी गाईडातलं आहे. गाईडाचं नाव सांगितलंस तर शिक्षा कमी करू, असंही म्हटलं मी हिला."

मी म्हणालो की या पुस्तकावर गाईडच नाही. डहाणूपासून तलासरीपर्यंत या पुस्तकाची एकच प्रत आहे, तिला मुखपृष्ठसुद्धा नाही, आणि ती माझ्या टेबलावर आहे. ही मुलगी वर्गात असंच बोलते, मी स्वतः ऐकलंय.

"तुमच्या बोलण्यातलं निम्मं वजा केलं तर काय उरतं?" बाजूच्याने विचारलं. तिघेही जरासे हसले. वाईट हेतूने नव्हे, सवयीने. जन्मभर थापा मारून मी माणसं हसवली होती आणि त्या खोलीत माझ्या खऱ्याला कुणी गिऱ्हाईक नव्हतं.

रमिलाचं काय जाणार होतं, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कॉपी सिद्ध झाली की वर्ष जाणार. वर्ष गेलं की वसतिगृहातली जागा जाणार. जागा गेली की गंजाडला घरी, आणि दिवाळी झाली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर. तिथे तिसरी पुरवणी कुणी मागत नाही आणि मागितल्याचा कुणाला संशयही येत नाही.

तराजूसरांनी पान उलटलं. वाचता वाचता थांबले. चष्मा वर सरकवला.

"हे काय? 'गुलामचोर खेळताना ज्याच्या हातात शेवटी गुलाम राहतो तो चोर ठरतो. त्या गावात उलटं झालं. ज्यांच्या हातात गुलाम होता ते सगळे साव ठरले, आणि गुलाम चोर ठरला.'" त्यांनी मान वर केली. "गुलामचोर? पत्त्यांचा खेळ? काय गं, गुलाम म्हणजे काय समजलीस तू?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. मी तिच्याकडे बघून मान हलवत होतो. सांग. वर्गात सांगितलंस तेच सांग. नाय म्हणायची सोय नाय तो. तू म्हणाली होतीस, मी पण बोलले असते. बोल.

तिने माझी मान हललेली बघितली. तराजूसरांकडे बघितलं. टेबलावरच्या स्वतःच्या पानांकडे बघितलं. मग पेनाला टोपण लावलं, खांदे खाली सोडले, आणि पायाचा अंगठा फरशीवर घासत, मी तिच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाली,

"पत्त्यातला, सर. राजा, राणी, गुलाम. तोच नाय का?"

ते तिघे हसले. पोटातून हसले. तराजूसरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी तोच रुमाल काढून चष्मा पुसला. बाजूचा म्हणाला, "हे मात्र हिचंच. ही चूक कुठल्या गाईडात छापणार?" सगळ्यांचे जीव हलके झाले. पारडी जागेवर आली. बाकीचं तिने कुठूनतरी पाठ केलं असणार, पाठांतर म्हणजे कॉपी नव्हे, असं ठरलं.

"जा," तराजूसर मायेने म्हणाले. "पाठांतर छान आहे तुझं. पण अर्थ समजून वाचत जा."

वेळ संपली होती. बाहेर नळाजवळच्या बाकावर ती बसली. मगनभाईंनी तांब्याभर पाणी आणून दिलं. ती वरून घटाघटा प्यायली. मी शेजारी बसलो. समोर चिकूचं झाड होतं आणि त्याच्याखाली कावळ्यांनी फोडलेली फळं पडली होती.

"पत्त्यातला का म्हणालीस?" मी विचारलं.

"सुटले ना, सर."

"तुला अर्थ माहीत होता. तूच सांगितला होतास सगळ्यांना."

"नावाडी बोलला," ती म्हणाली. "त्याचं काय झालं, तुम्हीच वाचून दाखवलं."

"तू म्हणाली होतीस, मी पण बोलले असते."

तिने तांब्या बाकावर ठेवला.

"तेव्हा पेपर नव्हता, सर."

मगनभाई तांब्या घेऊन गेले. जाताना हळूच म्हणाले, "छोकरी रडत पण नाय." ती रडत नव्हती, हे खरं होतं. ती हिशेब पुरा झाल्यासारखी बसली होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आता नाय ना मिळणार तिसरी पुरवणी?"

"काय लिहायचं राहिलं?"

"ती मुलगी. शेवटी ती गप्प का झाली, ते."

मी खिसे चाचपले, लाल पेन तेवढं हाताला लागलं.

ती पास झाली. वसतिगृहातली जागा राहिली. तराजूसर त्या शनिवारी चिकू घेऊन गेले तेव्हा तिच्या हातात दोन जास्त ठेवले, असं मला पोरींनी सांगितलं. तिने ते घेतले आणि "थँक्यू, सर" म्हणाली.

हा किस्सा मी दुसऱ्या तऱ्हेनेही सांगतो. झरी गावी एका लग्नात मांडवाखाली सांगितला, तेव्हा रमिलाने समितीसमोर असं भाषण ठोकलं की पंखा थांबला, तिघांच्या माना खाली गेल्या, तराजूसरांनी जागच्या जागी राजीनामा लिहिला आणि तिसरी पुरवणी स्वतःच्या हाताने तिला नेऊन दिली. ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून, "खूप बरं झालं, गुरुजी," असं म्हटलं. तेव्हा त्याच्या समाधानातलं निम्मं वजा करायला माझं मन धजलं नाही. डिसेंबरात, जानेवारीत हा किस्सा असा सांगता येतो. मार्चात येत नाही. बोंबील, चिकू, झेरॉक्स नाकात शिरलं की ती पायाचा अंगठा फरशीवर घासते आणि माझी सगळी भाषणं, पंखे, राजीनामे गळून पडतात.

तराजूसरही निवृत्त झाले. बंदरावर भेटतात. अजून कधीमधी म्हणतात, "ती पत्त्यातली पोरगी आठवते का हो? काय हसलो होतो आपण." आणि गप्पा पुस्तकांवर गेल्या की त्या नावाड्याच्या आठवणीने त्यांचा आवाज अजून जड होतो. त्यांना सांगावं असं मला कितीदा वाटलं. मग वाटतं, सांगितलं तर पुन्हा तिच्याच मागे लागतील: म्हणजे खोटं बोलली होती तर. दुसऱ्याच पारड्यात बसवतील तिला. तिची सुटका तिने स्वतः केलेली आहे, ती माझ्या तोंडून उघडी पडायला नको. आम्ही समुद्राकडे बघत राहतो. भरती असली तर भरती म्हणतो, ओहोटी असली तर ओहोटी.

गेल्या आठवड्यात सायवनला गेलो होतो. रमिला तिथल्या एका शाळेत शिकवते. पोरं तिला रमिलाबाई म्हणतात. जीपमधून उतरलो, हातात चिकूची पिशवी, अंगावर रस्त्याची इतकी धूळ की नुसतं झटकलं तर एक शेत तयार झालं असतं. पोरांचा शेवटचा पेपर झालेला. शाळेच्या ओट्यावर सहा-सात मुलं गोल करून बसली होती आणि मध्ये मळलेले, कोपरे गेलेले पत्ते. रमिला दारात खुर्ची टाकून पेपर तपासत होती. लाल पेन. मला बघून उठली, पाणी आणलं.

"त्या नावाड्याची गोष्ट सांगतेस का यांना?" मी विचारलं.

"आता नाय, सर."

"का?"

"शेवट विचारतात पोरं," ती म्हणाली. "मधेच थांबवलं तरी विचारतात."

आणि पुन्हा पेपर तपासायला लागली. मी ओट्यावर पोरांच्या गोलात जाऊन बसलो. गुलामचोरच चालला होता. माझ्या शेजारी दोन वेण्या घातलेली एक मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची, चेहरा असा शांत की हातात काय आहे याचा पत्ता लागू देत नव्हती. जन्मजात जुगारी. मला राहवलं नाही.

"काय गं, गुलाम म्हणजे काय?"

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या चष्म्याकडे, बुटांकडे, चिकूच्या पिशवीकडे. मग पत्ते छातीशी धरून म्हणाली,

"पत्त्यातला."

मुलं हसली. मी मागे वळून रमिलाकडे बघितलं. तिचं लाल पेन थांबलं होतं.

"हिला खरंच माहीत नाही?" मी हळूच विचारलं. "की..."

रमिला त्या मुलीकडे बघत राहिली. मुलगी पत्ते लावत होती.

"तेच कळत नाय, सर," ती शेवटी म्हणाली. "माझ्याशी पण ही असंच बोलते. मी पण आता खुर्चीत बसते ना."

आणि तिने मान खाली घालून पुढचा पेपर घेतला. ऊन ओट्याच्या कडेपर्यंत आलं होतं. कुठूनतरी मोहाचा वास येत होता, मला चढत मात्र नव्हती. दोन वेण्यांच्या मुलीने हातातल्या पत्त्यांचा पंखा केला आणि माझ्यासमोर धरला. ओढायची पाळी माझी होती.

"घ्या ना, आजोबा," ती म्हणाली. चेहऱ्यावर काही नाही. एक रेघ नाही.

मी हात पुढे केला आणि एक पान ओढलं. ते कुठलं होतं हे सांगितलं, तर तुम्ही म्हणाल, ही याची नेहमीची थाप.